सेमिस्टरअखेरचं एल पासो

आमच्या विद्यापीठाच्या इमारती भूतानी धाटणीच्या, राज्य टेक्सास आणि पाचातले चार विद्यार्थी लॅटिनो, तेही बहुतेक मेक्सिकन मुळाचे. फोनवर हे सांगितलं तेव्हा सोलापूरला बाबांना वाटलं, पोरगी चेष्टा करतेय. चेष्टा नव्हती. खाणकाम शिकवणारी शाळा म्हणून १९१४ साली ही संस्था सुरू झाली आणि त्याच वर्षी ‘नॅशनल जिओग्राफिक’मध्ये भूतानवर छायाचित्रांसकट एक लेख आला. पहिल्या डीनच्या पत्नी कॅथलीन वॉरेल यांच्या तो पाहण्यात आला होता. १९१६ मध्ये आगीत शाळेची मुख्य इमारत गेली. नवी बांधायची वेळ आली तेव्हा त्यांनी सुचवलं, इथले डोंगर त्या चित्रातल्या डोंगरांसारखेच आहेत, मग इमारतीही तशाच बांधू. ऐकणाऱ्यांनी ऐकलं. वर निमुळत्या होत जाणाऱ्या जाड भिंती, छपराखाली लाल विटांचा पट्टा, त्यात रंगीत नक्षी. शंभर वर्षं झाली, अजूनही पार्किंगची इमारत बांधायची तरी ती याच थाटात बांधतात. हे युनिव्हर्सिटी ऑफ टेक्सास ॲट एल पासो. सगळे ‘यूटेप’ म्हणतात.

कॅम्पसच्या चढावर उभं राहिलं की दक्षिणेला मेक्सिकोतलं सिउदाद हुआरेस शहर दिसतं. मधे हायवे, रेल्वेचे रूळ, सीमेचं कुंपण आणि नदी, बस्स. पलीकडच्या डोंगरावर पांढऱ्या रंगाने प्रचंड मोठ्या अक्षरांत लिहिलंय : बायबल हेच सत्य आहे, ते वाचा. मला न अडखळता वाचता आलेलं पहिलं स्पॅनिश वाक्य तेच. वर्गाच्या खिडकीतून रोज दुसरा देश दिसतो आणि वर्गातली काही मुलं रोज सकाळी त्या देशातून येतात, याची सवय व्हायला मला बराच वेळ लागला.

२०२३ च्या फॉल सेमिस्टरला मी इथे सिव्हिलच्या मास्टर्सच्या दुसऱ्या वर्षाला होते आणि इंजिनिअरिंगच्या मुलांना शिकवल्या जाणाऱ्या संख्याशास्त्राच्या वर्गाची टीए होते. टीए म्हणजे होमवर्क तपासायचं, ऑफिस अवर्सना बसून राहायचं, परीक्षेला वर्गात फेऱ्या मारायच्या आणि शेवटी गुण भरायचे. त्यामुळे सेमिस्टरचा शेवट मला दोन्ही बाजूंनी दिसायचा. स्वतःचे पेपर होतेच, वर दुसऱ्यांचे.

थँक्सगिव्हिंगची सुट्टी संपली की ऑफिस अवर्सला रांग लागते. तोवर सगळं सेमिस्टर मी तिथे एकटी बसून स्वतःचा अभ्यास करते. येणारी मुलं प्रश्न घेऊन येतात, पण बरोबर आणखीही बरंच काही घेऊन येतात. एकीच्या कडेवर तीन वर्षांची भाची होती. बहिणीची शिफ्ट होती, सांभाळायला दुसरं कोणी नव्हतं. आम्ही दोघी गृहीतक-चाचणी करत होतो आणि ती भाची माझ्या छापील टी-टेबलवर, म्हणजे चाचणीला लागणाऱ्या आकड्यांच्या तक्त्यावर, जांभळ्या खडूने गोल काढत बसली होती. ते टेबल मी नंतर परीक्षेला तसंच नेलं. एक मुलगा आजोबांना आठवड्यातून ठरलेल्या दिवशी डायलिसिसला नेणारा. एक रात्री गोदामात ट्रक भरायचा. एकाचे आईवडील इंग्रजी बोलत नाहीत, त्यामुळे बँक, दवाखाना, घरमालक, सगळीकडे दुभाषा हाच. वयाच्या नवव्या वर्षापासून हेच करतोय, म्हणाला. सांगण्यात तक्रार नव्हती. ‘सोमवारी जमणार नाही, मंगळवारी येऊ का’ याचं कारण म्हणून सांगत होता, इतकंच.

मी ज्या घरातून आले तिथे बारावीला टीव्हीवर चादर पडली होती. पाहुणे आले तर त्यांना दारातूनच हळू बोला म्हणायचे. मुलीने फक्त अभ्यास करायचा, बाकी जग आम्ही अडवून धरतो, असा तो करार. यूटेपच्या मुलांचा करार वेगळा असतो. परीक्षा आहे म्हणून घरातलं काम थांबत नाही. पण परीक्षा एकट्याने द्यायची असंही कोणी मानत नाही. आजोबांना माहीत असतं की नातवाचा पेपर कितीचा आहे. भाचीलाही माहीत होतं. ‘पेपर?’ असं ती मला दारातूनच विचारत आली होती.

इथली निम्म्याच्या आसपास मुलं कॉलेजात जाणारी घरातली पहिलीच. अमेरिकेत पदवीच्या विद्यार्थ्यांत किमान २५ टक्के हिस्पॅनिक, म्हणजे स्पॅनिशभाषक मुळाचे, असतील तर त्या संस्थेला केंद्र सरकार ‘हिस्पॅनिक-सर्व्हिंग’ म्हणतं आणि त्या वेळी तिला काही विशेष अनुदानांसाठी अर्ज करता यायचा. यूटेपने ही रेघ कधीच मागे टाकली आहे. मेक्सिकोतल्या गरजू विद्यार्थ्यांना इथे टेक्सासवासीयांच्याच दराने फी भरता येते, म्हणून हुआरेसची मुलंही येतात. तरीसुद्धा मला सतत वाटत आलंय, की विद्यापीठ नावाच्या यंत्रणेच्या डोक्यात विद्यार्थी म्हणजे अठरा वर्षांचा, बिनसंसारी, गाडीवाला माणूस असतो. रिव्ह्यू सेशन संध्याकाळी सातला ठेवायचं सुचतं ते त्याच्यामुळे. त्या वेळी माझा निम्मा वर्ग कामावर असायचा.

त्या डिसेंबरात कॉरिडॉरमध्ये दोन गोष्टींची चर्चा होती. एक फॅफ्साची. सरकारी आर्थिक मदतीचा हा अर्ज एरवी १ ऑक्टोबरला उघडतो. त्या वर्षी नवा, सोपा केलेला म्हणून जाहीर झालेला अर्ज पुढे पुढे ढकलला गेला आणि उघडला तो डिसेंबरच्या अगदी शेवटी. उघडल्यावर कळलं, ज्यांच्या आईवडिलांकडे सोशल सिक्युरिटी नंबर नाही त्यांना तो पुराच करता येत नव्हता. हे निस्तरायला पुढचे कित्येक महिने गेले. दुसरी गोष्ट टेक्सासच्या नव्या कायद्याची. १ जानेवारी २०२४ पासून राज्याच्या विद्यापीठांत वैविध्य आणि समावेशासाठीची कार्यालयं चालवायला बंदी येणार होती. विद्यार्थ्यांच्या स्वतःच्या संघटनांना आणि वर्गातल्या शिकवण्याला त्यातून सूट होती, पण कुठली पाटी उतरणार, कुठलं जेवण कुणाच्या पैशाने होणार, याची कुजबुज चालूच होती. यूटेपमध्ये चिकानो स्टडीज, म्हणजे मेक्सिकन-अमेरिकनांविषयीचा अभ्यासक्रम, १९७० च्या दशकाच्या सुरुवातीपासून आहे आणि तो मिळावा म्हणून त्या काळच्या विद्यार्थ्यांनी आंदोलन केलेलं आहे, त्यामुळे जुन्या लोकांना या गप्पा नव्या वाटत नव्हत्या. आमची मुलं मात्र त्या आठवड्यात कायद्यापेक्षा कॅल्क्युलसला जास्त घाबरलेली होती.

माझी रूममेट एल पासोचीच. चार पिढ्या इथल्या. तिची आजी इस्लेता भागात राहते, १६८२ पासून जिथे मिशनचं चर्च आहे त्या जुन्या वस्तीत. आजीला सगळे अबुएला म्हणतात, मीही म्हणते. अबुएलाचा नियम असा, की परीक्षेच्या आधीच्या शनिवारी तिच्या घरी तमाले, म्हणजे मक्याचं पीठ आणि सारण पानात बांधून उकडलेले, होणार आणि घरातल्या प्रत्येकाने यायचं. रूममेटने पहिल्या वर्षी ‘अभ्यास आहे’ म्हणून पाहिलं. अबुएला म्हणाली, ‘मग पुस्तक घेऊन ये.’

काम आदल्या दिवसापासून सुरू होतं. सुक्या लाल मिरच्या बिया काढून भिजवायच्या, वाटायच्या. डुकराचं मटण मोठ्या भांड्यात लसूण घालून शिजायला टाकायचं. मक्याच्या कणसांची वाळलेली पानं भिजवायची. ती इतकी होती, की न्हाणीघरातला टब त्यांनी भरला होता. आणि शनिवारी उजाडायच्या आत टॉर्टियाच्या, म्हणजे मक्याच्या पोळ्यांच्या, दुकानापुढे पिठासाठी रांग लावायची. हे पीठ कोरडं नसतं. मका चुन्याच्या निवळीत शिजवून, धुऊन, ओला दळलेला असतो. दोन प्रकारचं मिळतं, चरबी-मीठ घालून तयार आणि नुसतं. आमच्या पुढच्या माणसाने चाळीस पौंड घेतलं आणि मागे वळून आम्हाला म्हणाला, ‘बहीण पास होणार आहे.’ झाली नव्हती अजून. तिचा पेपर बुधवारी होता.

अबुएला तयार पीठ आणू देत नाही. नुसतं आणायचं, मग घरी डुकराची चरबी फेसून त्यात मिसळायची, मटणाचं पाणी घालत मळत राहायचं. मी इथे अडचण होते. आमच्या घरी आजी माळकरी. मी अंडं खाते, त्यापुढे माझी उडी नाही. रूममेटने हे आधीच सांगून ठेवलं होतं. अबुएलाने माझ्यासाठी एका परातीत वेगळं पीठ काढलं, त्यात वनस्पती तूप आणि भाज्यांचं पाणी घातलं आणि ज्या चेहऱ्याने ते मळलं तो चेहरा मी विसरणार नाही. चरबीशिवायचं तमाले म्हणजे तिच्या लेखी आजारी माणसाचं जेवण. पण परीक्षा तिने दोन्ही पिठांची सारखीच घेतली. पाण्याच्या पेल्यात बोराएवढी गोळी टाकायची. तरंगली तर पीठ झालं, बुडाली तर मळत राहा. तिचं पहिल्या झटक्यात तरंगलं. माझं बुडलं. परत मळलं, परत बुडलं. तिसऱ्यांदा अबुएलाने परात माझ्याकडून काढून घेतली आणि स्वतः हात घातला. मग तरंगलं.

टेबलाभोवती चौदा-पंधरा माणसं. प्रत्येकाच्या पुढ्यात पानांचा ढीग, पिठाचं भांडं, चमचा. पानाची एक बाजू गुळगुळीत असते, एकीला शिरा असतात. पीठ गुळगुळीत बाजूला लावायचं, म्हणजे उकडल्यावर सुटून येतं. चमच्याच्या पाठीने पातळ पसरायचं, वरचा भाग मोकळा ठेवायचा. मधे मिरचीतलं मटण. माझ्या पिठासाठी भाजलेल्या हिरव्या मिरचीच्या पट्ट्या आणि आसादेरो चीज. मिरची हॅचची, म्हणजे इथून वर न्यू मेक्सिकोत तासा-दीड तासावर पिकणारी. दोन्ही बाजूंनी घडी, खालचं टोक वर. नेमका त्या वेळी आईचा व्हिडिओ कॉल आला. आईचं माहेर रत्नागिरीचं. तिने ढीग पाहिला, चमचा पाहिला आणि पहिला प्रश्न विचारला, ‘पानाच्या कुठल्या बाजूला लावताय गं?’ पातोळ्यांना हळदीचं पान घेताना ती आम्हाला हेच विचारायची. रूममेटने तो प्रश्न अबुएलाला सांगितला. अबुएलाने फोन हातात घेऊन आईला पान उलटसुलट करून दाखवलं. पुढची पाच मिनिटं त्या दोघी, एकमेकींची भाषा न येता, पिठाच्या जाडीबद्दल बोलत होत्या आणि आम्हाला कोणी विचारत नव्हतं.

त्या टेबलावर अभ्यासही चालला होता. एक मावसभाऊ रसायनशास्त्राची कार्डं घेऊन आला होता. त्याचे हात पिठात, म्हणून शेजारची मुलगी कार्डं धरायची आणि तो उत्तरं द्यायचा. चुकला की सगळं टेबल ओरडायचं, ज्यांना काही कळत नव्हतं ते सगळ्यात जोरात. अबुएलाची सवलत एकच, ज्याचा पेपर आहे त्याने भांडी घासायची नाहीत.

‘लॅटिनो’ म्हणून बाहेरून एकच गठ्ठा दिसतो. टेबलावर बसलं की तो सुटा होतो. रूममेटला स्पॅनिश पूर्ण समजतं, पण ती उत्तर इंग्रजीत देते आणि हुआरेसकडची भावंडं तिची टर उडवतात. अबुएलाने लहानपणी शाळेत स्पॅनिश बोलल्याबद्दल हातावर पट्ट्या खाल्लेल्या. त्या काळी टेक्सासच्या शाळांत ती रीतच होती. तिने ठरवलं, माझ्या मुलांना मार बसणार नाही, आणि घरात इंग्रजी आणलं. आता नातवंडं विद्यापीठात पैसे भरून स्पॅनिशचे वर्ग घेतात. आमच्या लॅबमधला होंडुरासचा मुलगाही त्या दिवशी आला होता. त्याने येताना घरचे नाकातामाल आणले, केळीच्या पानात बांधलेले, आकाराने विटेएवढे. तो म्हणाला, मक्याच्या पानातले तमाले कोरडे होतात. यावर जे काही झालं त्याचं वर्णन करत नाही. शेवटी अबुएलाने त्याचा एक खाल्ला, ‘बरा आहे’ म्हणाली आणि दुसरा घेतला.

मला जास्त लक्षात राहिला तो रूममेटचा थोरला चुलतभाऊ. दुसऱ्या वर्षाला कॉलेज सोडून तो मिडलंडला तेलाच्या क्षेत्रात कामाला गेला. आता बहिणीची फी तोच भरतो. सगळ्यांत भराभर हात त्याचा चालत होता. त्याला कोणी ‘परत शिक’ म्हणालं नाही आणि बहिणीला कोणी ‘भावाचे उपकार’ म्हणालं नाही. एकदाच, मटणाचं भांडं उचलताना, त्याने बहिणीला विचारलं, ‘डिफरन्शियल इक्वेशन्स कसं चाललंय?’ ती म्हणाली, ‘वाईट.’ तो म्हणाला, ‘माझंही तिथेच अडलं होतं,’ आणि भांडं घेऊन आत गेला. कुटुंबाची ऊब वगैरे मला मान्य आहे, पण त्या उबेचा खर्च कोणीतरी भरत असतं आणि बहुतेकदा तो थोरल्याच्या नावावर पडतो.

उकडायच्या उंच भांड्यात तळाशी पाणी, त्यात एक नाणं, वर जाळी आणि जाळीवर तमाले उभे रचलेले. पाणी उकळत असेतो नाणं खडखडतं. आवाज थांबला की पाणी संपत आलं, ओता. संध्याकाळभर ते नाणं वाजत होतं आणि मी त्याच्या तालावर पी-व्हॅल्यूचे प्रश्न सोडवून घेत होते.

सोमवारी आमचा पेपर सकाळच्या पहिल्या पाळीला होता. एल पासो समुद्रसपाटीपासून अकराशे मीटरांहून उंच, भोवती वाळवंट. डिसेंबरात पहाटे पारा शून्याच्या आसपास येतो. हुआरेसहून पायी येणारी मुलं पासो देल नोर्ते पुलावर रांगेत उभी राहतात. रांग किती मोठी असेल हे कोणालाच आधी सांगता येत नाही. वीस मिनिटं लागतील किंवा दोन तास, म्हणून परीक्षेच्या दिवशी पहाटे तीन-साडेतीनला घर सोडतात. आमच्या प्राध्यापकांनी टीएंना बजावून ठेवलं होतं, दाराजवळची शेवटची रांग मोकळी ठेवा, तिथे कोणाला बसवू नका. पेपर सुरू झाल्यावर दोघे आले. नाकं लाल, जॅकेटच्या बाह्या हातांवर ओढलेल्या. एकाला बोटं वळेनात म्हणून पेन्सिल धरता येईना. मी त्याला माझा चहाचा थर्मास हातात धरायला दिला. पिऊ नको, नुसता धर म्हटलं, कारण वर्गात पेयं चालत नव्हती. पाच मिनिटांनी त्याने थर्मास परत केला आणि लिहायला लागला.

पेपरनंतर कॉरिडॉरमध्ये एकीने थंडपेटी उघडली. आई हुआरेसला बरितो करून विकते, त्यातले फॉइलमध्ये गुंडाळलेले गरम बरितो लेकीबरोबर वर्गासाठी पाठवलेले. थंडपेटीत बर्फाऐवजी टॉवेल, उष्णता धरून ठेवायला. मला खास राजम्याचा दिला. इथे राजमा बहुधा चरबीत परततात, म्हणून मी विचारून घेतलं. ती विचारात पडली, मग आईला फोन लावला. आई म्हणाली, ‘अर्थातच.’ तो बरितो होंडुरासच्या मुलाने खाल्ला.

त्याच सुमाराला १२ डिसेंबर येतो, ग्वादालूपेच्या मातेचा, म्हणजे मेक्सिकनांच्या लाडक्या मेरीमातेचा दिवस. चर्चमध्ये पहाटे अंधारात गाणी म्हणून तिला उठवतात, पिसांचे मुकुट घातलेले माताचिनेस नर्तक घुंगरांसारखा आवाज करत नाचतात. माझी एक विद्यार्थिनी त्या नाचात होती. रात्रभर नाचून ती तशीच पेपरला आली, पायात अजून त्या सपाता. बी मिळाली.

पेपर तपासण्याबद्दल सांगण्यासारखं फार नाही. लाल पेन, थंड पिझ्झा, ‘राउंड ऑफ’ केल्याबद्दलचे वाद, मेलमधून येणाऱ्या विनंत्या. गुण भरायची मुदत असते आणि ती पाळायची असते.

शनिवारी पदवीदान होतं, डॉन हॅस्किन्स सेंटरमध्ये. हॅस्किन्स इथले बास्केटबॉलचे प्रशिक्षक. हे कॉलेज टेक्सास वेस्टर्न म्हणून ओळखलं जायचं तेव्हा, १९६६ साली, अंतिम सामन्यात सुरुवातीचे पाचही खेळाडू कृष्णवर्णीय उतरवून त्यांनी राष्ट्रीय विजेतेपद आणलं. आमच्या लॅबमधली एक सीनियर मुलगी त्या दिवशी पदवीधर होणार होती. हुआरेसची. चार वर्षं रोज पूल ओलांडून आलेली. तिने मला तिच्या घरच्यांबरोबर बसायला बोलावलं होतं.

मी भारतातल्या माझ्या विद्यापीठाचा पदवीदान समारंभ पाहिलाय. पाहुण्यांचं भाषण, मग दुसरं भाषण, टाळ्या वाजवा सांगितल्यावर टाळ्या. इथे नाव पुकारलं की स्टँडचा एक तुकडा उसळतो. भोंगे, गाईच्या गळ्यातल्या घंटा, कोणाच्या तरी चेहऱ्याचं माणसाएवढं पुठ्ठ्याचं चित्र. टोप्यांवर आईबाबांची नावं, फुलं, दोन देशांचे झेंडे, शेतात वाकलेल्या माणसाचं चित्र. गळ्यात सारापेचे, म्हणजे मेक्सिकन विणीच्या कापडाचे, रंगीबेरंगी पट्टे. नावं वाचणारा माणूस स्पॅनिश नावं, चार-चार शब्दांची, मधुर आवाजात सपासप वाचत होता आणि एका तेलुगू आडनावाशी आल्यावर त्याने पाण्याचा घोट घेतला. माझ्या पुढच्या रांगेतल्या आजोबांनी कोणाचंही नाव आलं तरी टाळ्या वाजवल्या. त्यांच्या मुलीने सांगितलं, ‘बाबा, आपला अजून यायचाय.’ ते म्हणाले, ‘हाही कोणाचा तरी आहेच की.’

आमच्या मुलीची आई आणि भाऊ आले होते, त्यांच्याकडे सीमा ओलांडायचं कार्ड आहे. आजीकडे व्हिसा कधीच नव्हता. आजी हुआरेसमध्ये मुलाच्या फोनवर समारंभ बघत होती. नाव पुकारलं तेव्हा इकडे आम्ही ओरडलो आणि काही सेकंदांनी आईच्या फोनमधून तिकडचा आरडाओरडा ऐकू आला.

म्हणून खरा समारंभ रविवारी पलीकडे होता. रूममेट आणि मी निघालो. एल पासोत जुन्या बनावटीच्या ट्राम पुन्हा दुरुस्त करून २०१८ पासून चालवतात. याच गाड्या १९७४ पर्यंत पूल ओलांडून हुआरेसला जायच्या. आता त्या अलीकडेच वळतात. पुलाशी उतरलो. दक्षिणेला जायला नाणी टाकून फिरतं दार ढकलायचं, झालं. माझा अमेरिकन व्हिसा चालू असल्यामुळे मेक्सिकोचा वेगळा लागत नाही, पण पासपोर्ट, विद्यापीठाने दिलेला आय-ट्वेंटी हा कागद आणि त्यावरची प्रवासाची सही मी तरी पुन्हा पुन्हा पिशवीत चाचपत होते. ती मुलगी पुलाच्या तोंडाशी आमची वाट बघत होती. आदल्या रात्री ती मुद्दाम इकडे मैत्रिणीकडे राहिली होती, कारण तिला गाऊन आणि टोपी घालूनच पूल ओलांडायचा होता. तशीच निघाली. खाली काँक्रीटच्या पात्रात नदी. १९६३ च्या करारानंतर दोन्ही देशांनी मिळून तिला हे पात्र बांधून दिलं आणि हिवाळ्यात त्यात पाणी जवळजवळ नसतंच. उत्तरेकडे तोंड करून खोळंबलेल्या गाड्यांनी तिला पाहून हॉर्न वाजवायला सुरुवात केली. काच पुसणाऱ्या एका पोराने सलाम ठोकला. ती रडत होती आणि टोपी धरत होती, वारा होता.

घरी गल्लीतच टेबलं मांडली होती. पोसोले म्हणजे मक्याचा रस्सा, केक, तमाले, कोणाचा तरी स्पीकर. आजी खुर्चीत बसून होती. नातीने पदवीचं निळं पुठ्ठ्याचं आवरण तिच्या मांडीवर ठेवलं. आजीने दोन्ही हात ॲप्रनला पुसले आणि आवरण उघडलं. आत काहीच नव्हतं. स्टेजवर नुसतं आवरणच देतात. सगळ्यांचे गुण तपासून झाले की खरं प्रमाणपत्र नंतर घरी येतं. आजीने ते उलटं करून झटकलं. मग नातीकडे पाहिलं. मग, का कोण जाणे, माझ्याकडे पाहिलं. मुलीने घाईघाईने सांगितलं, गुण भरायचे राहिलेत, ही टीए आहे. आजीने मला जवळ बोलावलं, माझ्या ताटात चार तमाले वाढले आणि म्हणाली, ‘लवकर भर, मिहा.’ मिहा म्हणजे पोरी. मी तिच्या वर्गाची टीए नव्हतेच, पण समजावून सांगायच्या भानगडीत कोण पडणार. हो म्हटलं.

निघताना बांधून दिलं. माझे मिरची आणि चीजचे, रूममेटचे डुकराच्या मटणाचे. डुकराच्या मटणाचे तमाले सीमेवरून आत आणता येत नाहीत. डिसेंबरात तर सीमेवरचे अधिकारी हे दर वर्षी बजावून सांगतात. अबुएलाच्या नातीला ते पाठ होतं. तिने रांगेत उभ्या उभ्या पुडा सोडला आणि एकेक करत खायला सुरुवात केली. मागच्या बाईला एक, तिच्या मुलाला एक. आमची पाळी आली तेव्हा तिच्या हनुवटीला लाल मिरची लागलेली होती.

अधिकाऱ्याने माझी कागदपत्रं पाहिली, पिशवीकडे बोट केलं. ‘काय आहे?’

‘तमाले. चीज आणि मिरचीचे.’

‘डुकराचे नाहीत ना?’

‘नाहीत. मी शाकाहारी आहे.’

त्याने रूममेटकडे पाहिलं. ‘आणि तू?’

‘माझे संपले,’ ती म्हणाली.